जहाजाचं पितळ

भिकन बाजारातून आला आणि अनुसयानं त्याच्यापुढे वाटी धरली.

वाटीत त्यांच्या पोराच्या, ललितच्या, हातभर लाकडी जहाजाचं पितळ होतं. दोन नांगर, दहा तोफा, एक घंटा, कठड्याचे खुंट आणि नुसत्या डोळ्यांना धड दिसूही नयेत अशा कड्या. सगळं घासूनपुसून लख्ख, आत्ताच दुकानातून आणल्यासारखं.

“दखा ना, कसं चमकी ऱ्हायनं!” ती म्हणाली.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पोरगा गेल्यानंतरची पहिली. त्याच्या नावानं घागर भरायची म्हणून अनुसया आज सकाळीच उठली होती. उठली हेच खूप होतं. जूनमध्ये सुरतेबाहेर सचिन गावाच्या रस्त्यावर एका टँकरनं ललितला चिरडलं, तेव्हापासून ही बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती ती पडलीच. उधना वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत भिकन या वयात खिचडी रांधायला शिकला, बायकोची वेणी घालायला शिकला. आज तो बाजारात गेला आणि तेवढ्यात हिनं पदर खोचून घरातलं सगळं पितळ मोरीत ओढलं. तांब्या, समई, देव आणि मांडणीवरचा जहाजाच्या तुकड्यांचा प्लास्टिकचा डबाही.

डब्यातले तुकडे पडून पडून काळे झाले असं तिला वाटलं. वाटणारच. सणाच्या आदल्या दिवशी काळं पितळ दिसलं की बाईचे हात शिवशिवतात, त्यात तिचा काय दोष?

पण ते पडून काळं झालेलं नव्हतं. ते ललितनं काळं केलं होतं. चार रविवार पोरगा गॅलरीत मांडी ठोकून बसला होता. एकेक तुकडा चिमट्यात धरायचा, बाटलीतल्या औषधात बुडवायचा, मनात आकडे मोजायचा आणि बाहेर काढून चिंधीनं पुसायचा, तेही असं की वरवर थोडं पितळ दिसावं आणि खाचांत काळं राहावं. नवंकोरं पितळ काळं करणारा तू जगातला पहिलाच शहाणा, अशी भिकननं थट्टाही केली होती. तेव्हा ललित मान वर न करता म्हणाला होता, “पप्पा, चमकलं तर रमकडुं वाटेल. खऱ्या जहाजाला दरिया खातो.” रमकडुं म्हणजे खेळणं. सुरतेत वाढलेलं पोर, निम्मं गुजरातीच बोलायचं.

मग तो गेला, आणि तुकडे नि शिडांच्या दोऱ्या बसवायच्या तेवढ्या राहिल्या. भिकननं ते काम हातात घेतलं. मागावर चाळीस वर्षं तुटलेले धागे जोडलेले, त्यामुळे शिडांच्या दोऱ्यांच्या गाठी त्याला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. पितळाला मात्र तो भ्यायचा. रोज दुपारी डबा उघडायचा, एखादी तोफ तळहातावर घ्यायचा आणि होती तशी परत ठेवायचा. ललितचे कपडे धुतले गेले होते, मोबाइल त्याच्याबरोबरच फुटला होता. जहाजावर आता बापाचेही हात फिरले होते; निव्वळ पोराच्या हातचं म्हणावं असं हे काळंच काय ते घरात उरलं होतं, आणि तेही आता मोरीतून वाहून गेलं होतं.

त्याला ओरडायचं होतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. अनुसयाच्या नखांत चिंच अडकली होती, कपाळ घामानं भिजलं होतं, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदाच ती कुणाच्या तरी तोंडाकडे बघत होती.

“झकास,” तो म्हणाला. “नवंच दिसी ऱ्हायनं.”

“त्याले आवडतं ना?”

“आवडतं वं.”

बोलता बोलता त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. आत सुकाणूचं चाक होतं, रुपयाच्या नाण्याहूनही लहान. त्याच्या मापाची तार आणायला म्हणून सकाळी तो ते बरोबर घेऊन गेला होता, म्हणून हे एवढं एक वाचलं होतं. खिसा झाकायला हात गेला आणि तिनं नेमकं तेच पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात भिकनला बायकोपासून एक विडीसुद्धा कधी लपवता आली नव्हती.

“काय शे?”

त्यानं चाक काढलं, पण मूठ काही उघडेना. तिनंच त्याचं एकेक बोट उलगडलं. ती त्या काळ्या चाकाकडे बघत राहिली. मग वाटीकडे बघितलं. मांडणीवर ललितच्या त्या औषधाची बाटली होती, तिच्याकडेही बघितलं.

“हाई काळं,” तिनं विचारलं, “त्यानंच करेल व्हतं का?”

ती अजून त्याच्यासमोर उभी होती, पण तिची नजर भिंतीकडे वळायला लागलेली भिकनला दिसली. घरातलं एक माणूस त्यानं गमावलं होतं. दुसरं गमवायची ताकद त्याच्यात नव्हती.

“नही वं,” तो म्हणाला. “पितळ शे. पडी पडी काळं पडस.”

त्यानं चाक तिच्या ओल्या हातावर ठेवलं.

“ले, हाई बी घसी टाक. खाचांमा काळं बसेल शे. चिंच जास्ती लाव.”