उदाहरणाचं वाक्य

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या मुखपृष्ठाचा नमुना छापून आला. वर संपादकसाहेबांचं एकट्याचं नाव, तेही ठसठशीत. एकोणीस वर्षं एकटीने सगळा कोश लिहिणाऱ्या बाईंनी तो उलटापालटा करून पाहिला.

"साहेब, माझंही नाव घालणार होतात ना?"

"अहो बाई, जागा कुठाय? आणि तुम्ही तर घरच्याच! ते 'डी'चं राहिलेलं पान आणा, सही करून टाकतो."

बाई तणतणत टेबलाशी आल्या. एकच क्रियापद उरलं होतं. त्यांनी पेन असं दाबून लिहिलं, की खालच्या कागदावरही अक्षरं उमटली:

'डिसअब्यूज : एखाद्याचा गैरसमज दूर करणे. मूळ : "अब्यूज"चा जुना अर्थ फसवणे, त्या फसवणुकीतून बाहेर काढणे.'

त्याखाली उदाहरणाचं वाक्य लिहून त्यांनी पान पुढे केलं. साहेबांनी फोनवर बोलता बोलता, नेहमीसारखी, न बघताच झोकदार सही ठोकली. महिन्याभरात कोश दुकानांत पोचला.



'उदाहरण : हा कोश संपादकांनी लिहिला, निदान वाचला तरी असेल, हा वाचकांचा गैरसमज बाईंनी दूर केला.'