पाठकोरे कागद

प्राध्यापक मुरेशान वारले तेव्हा अख्खं क्लुज शहर रडलं, मी नाही. माझा नवरा ऑक्टाव तुरुंगात मेला. गुप्त पोलिसांकडे त्याची चुगली त्याच्या या गुरूनेच केली, हा माझा तीस वर्षांचा संशय. आज त्यांची कागदपत्रं दप्तरखान्यात खुली झाली. जुन्या फ्रेंच प्रेमगीतांवरची चार हजार टिपणं. टंचाईच्या काळात ते पाठकोऱ्या कागदांचे चार तुकडे करून त्यांवर लिहीत. मी टिपणं उलटत गेले, मागच्या बाजूने तुकडे जुळवत गेले. त्यांच्याच अक्षरात पोलिसांना द्यायचा खर्डा: ‘ऑक्टाव पॅरिसला चोरून पत्रं धाडतो.’ त्यांची शिष्या, आता इथली प्रमुख, धावत आली. “आजी, क्रम बिघडतोय. द्या इकडे!” “क्रम गेला चुलीत. यादीत लिही हे.” “मागची बाजू आम्ही नोंदवत नाही.” मी तुकड्यांवर पंजा रोवला. शेवटी तिने पेन्सिल घेतली. “शाईने लिही, बये.”