ऐंशी वाढदिवस, चार खुर्च्या

वृद्धाश्रमाच्या भेटीच्या खोलीत चारच खुर्च्या, त्याही एरवी धूळ खात पडलेल्या. अकरा नंबरच्या खोलीतल्या आजोबांचा आज वाढदिवस. आश्रमाच्या अ‍ॅपमधली त्यांची चुकीची जन्मतारीख बदलेना, म्हणून प्रोग्रामरबाईंनी कोडमधून थेट डेटाबेसवर क्वेरी, म्हणजे तारीख बदलायची आज्ञा, चालवली. ‘फक्त खोली अकरा’ ही अट तेवढी घालायची राहिली. ऐंशीच्या ऐंशी रहिवाशांचा वाढदिवस आजच झाला आणि अ‍ॅपने इमानेइतबारे नातेवाइकांच्या घरोघरी निरोप धाडले. बाई जुन्या तारखांची साठवलेली प्रत शोधू लागल्या. बॅकअप सापडेपर्यंत फाटकाशी गाड्या लागल्या. वर्षानुवर्षं न फिरकलेले मुलगे आले, एका आजींची रुसलेली बहीणसुद्धा. “आज नाहीये गं माझा,” आजी म्हणाल्या, “पण आलीच आहेस तर बस.” तेवढ्यात अकरा नंबरचे आजोबा तणतणत आले. “खरा वाढदिवस माझा, आणि माझ्याच लेकीला बसायला खुर्ची नाही.” बाईंनी आपली खुर्ची उचलून दिली. आता तारखांच्या दुरुस्तीला बसायचं तरी कशावर?