आजीचा अंगठा

"भाऊ आईच्या हातात फोन देईनासा झाला की सावध हो गं," मावशीनं बजावलं होतं. भाचीनं ते हसण्यावारी नेलं. मावशीला तिच्या भावांनी हिश्शातून वगळलं होतं. दुधानं तोंड पोळलेलं, म्हणून ताकही फुंकून पिते, झालं. शिवाय घर आईच्या नावावर होतं, आणि "माझ्यामागे दोघांना सारखं" हे आईनंच सगळ्यांदेखत सांगितलेलं.

आज व्हिडिओ कॉलवर आई पलंगावर होती आणि फोन दादाच्या हातात.

"आई, जरा बाहेर पडतेस का?"

"कुठली पडते," उत्तर दादानंच दिलं. "महिनाभर उंबरा ओलांडला नाही तिनं. तू नको काळजी करू, राणी. तुझं माहेर कुठे पळून जात नाही."

राणी? जन्मात कधी म्हणाला नव्हता.

मांडीवरची लेक आजीला बघून खिदळली. दोघींचा नेहमीचा खेळ सुरू झाला. आजीनं अंगठा मुठीत लपवला, मग हळूच बाहेर काढला. एरवी तो लगेच परत आत जायचा. आज तो कॅमेऱ्याजवळ तसाच थांबला, दस्तनोंदणीच्या कचेरीत माखतो तसा निळ्या शाईनं माखलेला. फोनमागच्या दादाला तो फोनच्या आड दिसत नसणार. आई हसत नव्हती.

"पुरे आता, दमली ती," दादा म्हणाला आणि फोन बंद झाला.

तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि चपला पायात सरकवल्या.

तुमचीही आई भावाकडे असेल, तर आजच तिला भेटून या. फोनवर भागवू नका.