एकावर एक फ्री

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शाहीनने फोनची बॅटरी सोनाराच्या काट्यावर ठेवली. ती अस्सलपेक्षा चांगली सहा ग्रॅम हलकी भरली, आणि लेबलवर ताकद मात्र दुप्पट छापलेली!

"नकली आहे, मोहितेदादा. तापेल, फुगेल. ऑनलाइन घेतलीत ना?"

"एकावर एक फ्री होती," मोहिते ओशाळून म्हणाला.

शाहीनने बॅटरी काट्यावरून झटकन उचलली. "मग दुसरी कुठाय? फोनमध्ये घातली असेल तर आत्ताच्या आत्ता काढा."

"फोनमध्ये नाही. आईच्या कृत्रिम हृदयालाही हीच लागते ना, म्हणून काल तिची बदलली."

शाहीन धडपडत काउंटरबाहेर आली. दारातल्या बाकावर मोहितेची आई ऐन थंडीत पदराने वारा घेत बसली होती.

"पोरी," ती हसून म्हणाली, "कालपासून छातीत कशी छान ऊब आलीय बघ!"