रेवा उत्तर देत नाही

"अर्ध्यातच फेकून दिलं मी हे पुस्तक," झेबा म्हणाली आणि तेच पुस्तक तिनं अविनाशसमोर टेबलावर आपटलं. "मग उचललं, शेवटची पानं वाचली, अन् परत फेकलं."

धाड गावच्या वाचनालयात अविनाशच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागावर चर्चा होती आणि खुर्च्या कमी पडल्या होत्या. पोरं खिडक्यांमध्ये बसली होती. पहिल्या भागाच्या वेळी याच मंडळींनी अविनाशच्या गळ्यात हार घातला होता. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा समीर आणि संभाजीनगरला शिकायला गेलेली रेवा यांची ती प्रेमकथा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ई-मेलमधून घडत होती. कॉलेजातल्या पोरापोरींनी ती एकमेकांच्या हातातून ओढून वाचली. दुसऱ्या भागात समीर मेल पाठवत राहतो आणि रेवा एकाही मेलला उत्तर देत नाही. पुस्तक तसंच संपतं.

"पहिल्या भागात तर मोठी गोड बोले," झेबा काही खाली बसेना. "मधातच काय झालं तिले?"

"मले वाटलं छापखान्यात पानं गळाली," खिडकीतून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव यांनी हात वर करून हशा थांबवला. पण बाजू त्यांनीही घेतली नाही. "अविनाश, राग नको मानू बाप्पा. माझी नात तुह्यं पुस्तक वाचून दोन दिवस कोणाशी बोलली नाही. इतके मेल वाचते अन् एका शब्दानं बोलत नाही? पोरगी हाय का दगड?"

टेबलावर अविनाशचा फोन थरथरला. कोणाचं तरी खातं उघडायचा सहा आकडी कोड, ओटीपी, आला होता. त्यानं तो पुसून टाकला आणि फोन उपडा ठेवला. धामणगाव बढ्याला त्याचं ऑनलाइन केंद्र होतं, तेव्हापासूनचा हा त्रास. जुन्या गिऱ्हाइकांचे कोड अजून त्याच्याच फोनवर येत. कोणाचा कोड, ते त्यावर लिहिलेलं नसे.

भगवानरावांचा 'दगड' मात्र त्याला बरा वाटला.

रेवा खरी आहे, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. तिचं नाव पुष्पांजली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला ती त्याच्या केंद्रात आली होती. फॉर्मला ई-मेल लागतो. तिचा नव्हता. त्यानं उघडून दिला. पुढं ती नर्सिंगला संभाजीनगरला गेली. तोंडावर जे बोलता आलं नव्हतं ते तो त्या पत्त्यावर लिहीत राहिला. उत्तर कधी आलं नाही. पहिल्या भागातली रेवाची उत्तरं त्यानंच रचली होती. दुसऱ्या भागात त्यानं काही रचलं नाही. घडलं तसं लिहिलं. चूक तिची होती, असं एकदा तरी कोणी म्हणावं, एवढ्यासाठी तो आज इथं शिव्या खायला आला होता.

"रेवाले कायले बोलता?" मागून आवाज आला. बारावीतली धम्मशीला भिंतीला टेकून उभी होती. "येडा तर समीर हाय."

पुन्हा हशा.

"खरंच ना वो दादा. संभाजीनगरले एसटी जात नाही का? अख्खं पुस्तक मेल करत बसला, एकदा गाडीत नाही बसला."

या वेळी टाळ्याही पडल्या. अविनाशचा आवाज चढला. "गाडीत बसून काय करणार होता तो? मेल तिला मिळाले होते. वाचून गप्प बसली ती."

"वाचले कशावरून?"

"पत्ता तिचाच होता."

"पत्ता तिचा. पण मेल उघडला कोणं? समीरनंच ना, पहिल्या भागात, फॉर्म भरताना? मंग नंबर कोणाचा टाकला?"

धम्मशीलानं उत्तराची वाट पाहिली नाही. "माह्या मेलचं असंच हाय. ऑनलाइनवाल्या काकानं उघडून दिला. आमच्या वर्गात कोणत्याच पोरीजवळ फोन नव्हता, तं त्यानं सगळ्याइले आपलाच नंबर टाकला. आता मी उघडाले गेली का कोड त्याच्या फोनवर जाते. तो पाहतबी नाही. मेल माह्या नावाचा, अन् आत काय हाय ते मलेच माहीत नाही."

"अरे हाव!" झेबा ओरडली. "माझा पण तसाच हाय!"

"रेवाचंबी तसंच असन," धम्मशीला म्हणाली. "बिचारी तिकून दार वाजवून राह्यली असन, अन् हा इकडं तिच्याच नावानं रडत बसला."

खोलीभर एकच गलका झाला. कोणी समीरला शिव्या घालत होतं, कोणी लेखकाला. भगवानरावांनी टेबलावर थाप मारली. "अविनाश, मंग आता सांग बाबू. तिसऱ्या भागात पोरीले तो कोड भेटते का नाही?"

अविनाशला धामणगावचं केंद्र आठवलं. दाराबाहेरपर्यंत पोरींची रांग असे. नंबर विचारत बसलं की रांग अडे, म्हणून प्रत्येक फॉर्मवर तो आपलाच नंबर टाकून मोकळा होई. पुष्पांजली त्याच रांगेत उभी होती.

त्यानं उपडा फोन हातात घेतला, पण सुलटा केला नाही. पहिला भाग छापून संभाजीनगरच्या दुकानांत पोचला त्या आठवड्यात असे कोड एकामागून एक आले होते. किती छळतात लोक, असं म्हणत त्यानं सगळे पुसून टाकले होते.