सोळा मोजेपर्यंत

"कोण आहे?"

वीबुश पुन्हा लवकर गायला. तालीम घेणाऱ्या इर्मट्राउड केसलरबाईंनी हातातली काठी समोरच्या वहीवर आपटली.

"अहो, सोळा! सोळा मोजायचे! आत्ता कुठे सहा झाले होते!"

मागच्या रांगेत टाळ्या पडल्या. ह्या गायकमंडळाचा रिवाजच होता. शांततेत जो एकटा तोंड उघडेल, त्याने तालमीनंतर सगळ्यांना बिअर पाजायची.

"चालू दे वीबुश! आज पण तुझ्याचकडून!" कोणीतरी ओरडलं.

बाईंचं मात्र डोकं उठलं. गावातल्या पोरासोरांना पाठ असलेली ती दोनशे वर्षांची भुताची कविता. बुडून मेलेली नवरी परत येते आणि नवऱ्याचं दार ठोठावते. दोन वर्षं खपून बाईंनी तिला चाल लावली होती. त्या चालीचा सगळा जीव एकाच जागी होता. ढोलावर ठोके पडतात, नवरा ऐकतो, पण जागचा हलत नाही. सोळा मोजेपर्यंत सगळं चिडीचूप. मग त्याचा खर्जातला प्रश्न. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा तो तिथेच. रविवारी चर्चमध्ये पहिला कार्यक्रम, आणि हा बाबा ठोके पडले रे पडले की तोंड उघडून मोकळा! बरं, काढून टाकावा, तर असा खर्ज अख्ख्या तालुक्यात दुसरा नाही. आणि वर्षापूर्वीपर्यंत हाच माणूस घड्याळासारखा मोजायचा. मुद्दाम करत होता की काय, देव जाणे.

पुन्हा ठोके पडले. या वेळी चार मोजून होताच वीबुश गायला.

"बास!" बाई कडाडल्या. "पन्नास वर्षं गाताय ना तुम्ही? मोजता येत नाही?"

"येतं."

"मग थोडं थांबायला काय होतं हो तुम्हाला? कोण मरतंय का तेवढ्यात?"

मागचं हसणं एकदम बंद झालं. वीबुशने वही मिटली.

"गेल्या वर्षी बायको न्हाणीघरात पडली, आमची हिल्डे, तेव्हा भिंत ठोकत होती," तो म्हणाला. "मी बाहेर तुमचंच मागचं गाणं घोकत होतो, बाई. म्हटलं, एवढं पान मोजून होऊ दे, मग बघतो."